भिंतीकडची लेन

४ जून

मामा,

आधी नमस्कार करते, मग हव्या तेवढ्या शिव्या घाल. मामीच्या ऑपरेशननंतर "आठवड्याला एक पत्र" असं मीच कबूल केलं होतं. आज दोन वर्षांनी लिहायला बसले आहे, आणि तेही कामासाठी. फोनवर तुला ऐकू येत नाही ही सबब मी फार सोयीने वापरली. लाज वाटते, पण गरज पडल्यावरच मामा आठवला हे आता लपवून तरी काय करू?

आमच्या संस्थेला तुमच्या गावच्या पुलाचं काम मिळालंय. मुलाखतीत मीच फुशारकी मारली की माझा मामा सत्तावीस वर्षं त्या पुलावरून बस नेत होता, मला तिथली वीट न् वीट माहीत आहे. खरं सांगायचं तर मला एवढंच आठवतं की मी तुझ्या सीटमागच्या दांडीला धरून उभी असायचे आणि तू मागे न बघता म्हणायचास, "हात आत घे."

माझं काम काय, ते सोपं करून सांगते. बुद्धिबळात आपण समोरच्याच्या मनात काय आहे याचा अंदाज घेऊन चाल करतो ना, तशीच ड्रायव्हरही लेन निवडतो. बाकीचे काय करतील हे ताडून स्वतःचं बघतो. त्याचं एक गणित आहे. प्रत्येकाला फक्त आपली मिनिटं प्यारी आहेत असं धरायचं, आणि मग शोधायचं की सगळ्या गाड्या शेवटी कुठे स्थिरावतील. म्हणजे अशी मांडणी, जिथे एकट्याने लेन बदलून कुणाचाच काही फायदा होत नाही. माझ्या समीकरणात तूही स्वार्थी आहेस. रागावू नकोस, सगळेच आहेत.

आता अडलंय ते असं. पुलाआधी रस्त्याला तीन लेन आहेत आणि पुलावर दोनच. भिंतीकडची लेन पुलाच्या तोंडाशी संपते. गणित सांगतं की सकाळच्या गर्दीत तिन्ही लेन शेवटपर्यंत भरल्या पाहिजेत आणि तोंडाशी लोकांनी एकाआड एक आत शिरलं पाहिजे. तुमच्याकडे मात्र पाण्याच्या टाकीपासूनच सगळे उरलेल्या दोन लेनमध्ये शहाण्यासारखे उभे राहतात आणि भिंतीकडची लेन सहाशे मीटर रिकामी असते. माझ्याकडे पाच सकाळींचं चित्रीकरण आहे. तासाला दोन हजार गाड्या, आणि त्या लेनमध्ये जेमतेम चाळीस.

आमच्या बाई, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, म्हणाल्या, "एक तर ते ड्रायव्हर खुळे आहेत नाहीतर तू. कोण ते शोधून काढ."

मामा, ती लेन रिकामी का असते?

तुझी भिंगरी

१५ जून

भिंगरे,

अनेक आशीर्वाद. तुझ्या शिव्या मामीने घालून झाल्या, त्यामुळे माझ्या शिल्लक आहेत, भेटलीस की देईन.

तिकडे खुर्चीत बसून इथल्या गाड्या हाकतेस, याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. पण विचारलंस ते बरं केलंस. हल्ली मला कुणी काही विचारत नाही. विचारलं तरी ऐकू येत नाही, तो भाग वेगळा. जुन्या बसचं इंजिन ड्रायव्हरच्या कुशीतच असायचं, त्याने कान खाल्ले आणि कानांनी नोकरी खाल्ली.

ड्रायव्हर स्वार्थी असतो म्हणालीस. त्यापेक्षा तो मत्सरी असतो असं लिही. आपली रांग सरकत नाही याचं त्याला वाईट वाटत नाही, शेजारची सरकते याने त्याच्या पोटात दुखतं. मग तो तिकडे घुसतो, आणि त्याने सोडलेली रांग लगेच पळायला लागते. हे सत्तावीस वर्षं रोज बघितलंय. मी नव्या ड्रायव्हरांना सांगायचो, बाबांनो, आपल्या मागे चाळीस माणसं बसलीत, आपण रांग सोडायची नसते. एकाने सोडली की सगळे सोडतात. मी कधी सोडली नाही.

भिंतीकडच्या लेनचं म्हणशील तर तिथे गटाराचं झाकण खचलं होतं. एकदोन गाड्यांचे ॲक्सल मोडले. तेव्हापासून लोक तिकडे जात नाहीत. मेंढरांसारखं असतं, पुढचं वळलं की मागची वळतात. यापलीकडे त्यात काही नाही. त्यावर फार डोकं चालवू नकोस.

मामीचा गुडघा बरा आहे. ती म्हणते, तू वाळली असशील.

मामा

९ जुलै

मामा,

तुझ्या एका वाक्याने माझं महिन्याचं काम झालं! रस्ते कार्यालयातून जुन्या दुरुस्त्यांची नोंद मागवली. गटाराचं झाकण खरंच खचलं होतं, आणि सहा वर्षांपूर्वी ते सरळ करून वर डांबर घातलंय. म्हणजे खड्डा गेला, पण भीती राहिली. मी समीकरणात त्या भीतीला एक आकडा दिला, आणि काय सांगू, माझी गणितातली रांग चित्रीकरणातल्या रांगेशी तंतोतंत जुळली. बाई पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या. तुझा तो मत्सरही घातलाय, त्याला मात्र गणितात सभ्य नाव दिलं.

आता ती भीती काढून टाकली तर काय होईल, तेही करून बघितलं. जमिनीवर ठळक पट्टे, टाकीजवळ एक पाटी, "तिन्ही लेन शेवटपर्यंत वापरा", आणि तोंडाशी एकाआड एक. सकाळची रांग अकरा मिनिटांनी कमी होते. कार्यालयाचे मोठे साहेब एका बैठकीत हो म्हणाले. एक सप्टेंबरपासून प्रयोग सुरू.

एक गंमत सांगते. दोनशे ड्रायव्हरांना छापील प्रश्न वाटले होते, भिंतीकडची लेन का टाळता? बहुतेकांनी लिहिलं, सवय. एकाने लिहिलं, "लागते कधी कधी." ते मी "इतर" या रकान्यात टाकलं. पण तुमच्या डेपोतल्या सहा जणांनी लिहिलं, "ती मास्तरची लेन आहे." हा मास्तर कोण, मामा? कुणी शाळामास्तर तिथे भूत होऊन बसलाय का? माझं गणित भुताला घाबरत नाही असं सांग त्यांना.

प्रबंधाच्या आभारात सर्वांत वर तुझं नाव घालणार आहे.

भिंगरी

२ ऑगस्ट

भिंगरे,

पत्र मिळून बरेच दिवस झाले. बरं नव्हतं, विशेष काही नाही.

मास्तर वगैरे मला माहीत नाही. डेपोतल्या लोकांच्या बोलण्याला काही अर्थ नसतो.

तुझं कौतुक आहेच. पण हे एवढ्या घाईने करायलाच हवं का? वर्षभर अजून बघितलं तर? लोकांची बसलेली घडी मोडू नये असं मला आपलं वाटतं. मी काही शिकलेला नाही.

आभारात माझं नाव घालू नकोस. खरंच घालू नकोस.

मामा

४ सप्टेंबर

मामा,

लेन उघडली! पहिल्या दिवशी लोक बिचकले, दुसऱ्या दिवशी दहाबारा धीट निघाले, आणि काल सकाळी तिन्ही लेन टाकीपासून तोंडापर्यंत गच्च. रांग नऊ मिनिटांनी कमी झाली. गणिताने अकरा सांगितली होती, पण बाई म्हणतात, माणसांकडून नऊ मिळाली तरी खूप.

तुझं पत्र वाचून मी हसले. "मी काही शिकलेला नाही" काय, "घडी मोडू नये" काय! सत्तावीस वर्षं शिस्त शिकवणारा माणूस असा मागे मागे का सरतो? मामीला विचारायला हवं. नाव तर मी घालणारच.

सव्वीस तारखेला कार्यालयाच्या सभागृहात मला हे सगळं मांडायचंय. तुमच्याच गावात! साहेब असतील, डेपोचे लोक असतील, पोलिस असतील. प्रयोग कायम करायचा की नाही ते त्या दिवशी ठरेल. तू आणि मामी पहिल्या रांगेत बसायचं. तू नवा शर्ट घालायचा.

भिंगरी

१३ सप्टेंबर

भिंगरे,

हे पत्र वाचताना एकटी बस.

मास्तर मी आहे. डेपोत मला सगळे मास्तर म्हणायचे, कारण मी येताजाता शिकवायचो. रांग सोडू नका, हॉर्न मारू नका, असं करा, तसं करा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तुला मी लिहिलं की मी रांग कधी सोडली नाही. एकदा सोडली आहे.

अकरा वर्षं झाली. त्या महिन्यात मला तीनदा उशिराचा शेरा मिळाला होता. चौथा मिळाला असता तर मला लांबच्या मार्गावरून काढून गावातल्या फेऱ्यांवर टाकणार होते. एवढंच, यापेक्षा मोठं कारण नव्हतं. सकाळचे सव्वाआठ झाले होते, टाकीपाशी रांग लागलेली. भिंतीकडची लेन तेव्हाही थोडी मोकळी असायची, त्या खचलेल्या झाकणामुळे. मी बस तिकडे घातली. झाकण चाकांच्या मधे घेतलं आणि सुसाट तोंडापर्यंत गेलो. तिथे आत शिरायचं होतं, पण मला कुणी घेईना. रोज शिकवणारा मास्तर घुसतोय म्हटल्यावर आमच्याच डेपोच्या दोन बसवाल्यांनी पुढच्या गाडीला बंपर टेकवला आणि माझ्याकडे बघून हसले. मला धडा शिकवत होते. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

माझ्यामागे पाचपन्नास गाड्या आल्या. मास्तर गेला म्हणजे जायला हरकत नाही, असं त्यांना वाटलं असणार. आणि त्यांच्या मागे अँब्युलन्स आली. तिलाही ती लेन मोकळी दिसली असेल.

चौदा मिनिटं. माझे कान तेव्हा चांगले होते, भिंगरे. मी ते सगळं ऐकलं. पुढे जाता येईना, मागे जाता येईना. प्रवासी मला काय काय बोलत होते. एक म्हातारी नुसती म्हणत होती, "अरे सरक ना, अरे सरक ना."

तिसऱ्या दिवशी अँब्युलन्सचा ड्रायव्हर डेपोच्या फाटकापाशी आला. आत आला नाही. तिथूनच म्हणाला, "मास्तर, बाई गेली." आणि निघून गेला. शाळेच्या प्रयोगशाळेत काम करणारी बाई होती, दम्याचा झटका आला होता, एवढंच नंतर कानावर आलं. कुणी तक्रार केली नाही. टाइमकीपरने वहीत "वाहतूक कोंडी" असं लिहून टाकलं. झाकली मूठ.

डेपोतल्या कुणी मला एक शब्द विचारला नाही. बोलले असते, कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. त्यांनी काय केलं, तर बाई गेल्याचं कळल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती लेन सोडली. कुणीही त्यात बस घालायची नाही, जीव गेला तरी. बस जात नाही म्हणून ट्रक जाईनात, ट्रक जात नाहीत म्हणून मोटारी जाईनात. नव्या माणसाला कारणही माहीत नसेल, पण तोही थांबतो. अँब्युलन्स आली की ती लेन धरते, आणि तोंडाशी पहिली बस जागच्या जागी थांबून तिला आत घेते. याला ते मास्तरची लेन म्हणतात. आधी टोमणा म्हणून म्हणत असतील. मी रोज तिच्या शेजारून गाडी नेत होतो, नऊ महिने. मग कानांचं निमित्त सांगून नोकरी सोडली. कान खरे गेले ते दोन वर्षांनी. तुझ्या मामीला यातलं काही माहीत नाही.

तू जूनमध्ये विचारलंस तेव्हा एका ओळीचं उत्तर होतं. "अँब्युलन्ससाठी." पण त्या ओळीला तू पुढचा प्रश्न विचारला असतास, कधीपासून आणि का. म्हणून मी झाकणाचं सांगितलं. ते खोटं नव्हतं, त्यामुळे सांगायला सोपं गेलं. तू त्यावर केवढं उभं केलंस ते बघितलं, आणि तरी गप्प राहिलो. ऑगस्टमध्ये चार कागद फाडले आणि पाचवा तुला पाठवला.

लेन उघडल्यापासून मी रोज सकाळी तिथे जातो. मामीला सांगतो फिरायला जातो. बुधवारी अँब्युलन्स आली. मला ऐकू काही आलं नाही, टाकीपाशी नुसता दिवा फिरताना दिसला. तिन्ही लेन गच्च. मी रस्त्यात उतरलो, गाड्यांच्या टपांवर हात आपटत सुटलो, सरका म्हणून ओरडलो. लोकांना वाटलं वेडा आहे. कोण काय बोललं ते कळलं नाही. बारा मिनिटं मोजली मी. आत छपरावरून पडलेला गवंडी होता. दोन दिवस हॉस्पिटलच्या फाटकापाशी जाऊन विचारत होतो. जिवंत आहे.

या वेळी माणूस वाचला. पुढच्या वेळी वाचेल असं नाही. तुला काय करायचं ते तू कर. तुझं काम मी नासवलं, हे मला कळतं.

मामा

१७ सप्टेंबर

मामा,

पत्र संस्थेच्या जिन्यात उभ्याने वाचलं. पहिला तासभर मला तुझा इतका राग आला की मी त्याच कागदाच्या मागे काहीबाही लिहिलं आणि खोडलं. मी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवून सगळं रचलं. मुलाखतीपासून सगळीकडे तुझंच नाव घेत फिरले.

मग खाली जाऊन मी मूळ फाईल उघडली. त्या लेनमधल्या तासाला चाळीस गाड्या, आठवतात? त्या कोणत्या, हे मी पत्रात लिहिलं नव्हतं, कारण मला त्यात काही वाटलंच नाही. बहुतेक मोटरसायकली होत्या. पण पाच सकाळी मिळून सतरा अँब्युलन्स होत्या, मामा. सतरा. मी त्या स्वतःच्या हाताने काढून टाकल्या होत्या. आमच्यात तशी पद्धतच आहे. अँब्युलन्स आपल्या मर्जीने लेन निवडत नाही, म्हणून ती या खेळातली खेळाडू नाही, म्हणून गणितापूर्वी ती साफ करायची. "साफ करणे" हाच शब्द आहे आमचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि "लागते कधी कधी" लिहिणाऱ्या माणसाला मी "इतर"मध्ये ढकलून हसले होते.

तू खोटं सांगितलंस, पण माझ्यासमोर खरं पडलेलं होतं. मी कुणाला काय बोलू!

कालच बाईंना सगळं सांगितलं, तुझं नाव सोडून. त्यांनी साहेबांना फोन लावला. साहेबांचं म्हणणं असं की रांग कमी झाल्यामुळे लोक खूश आहेत, पेपरात फोटो आलाय. ड्रायव्हर अँब्युलन्ससाठी लेन सोडत होते, याला पुरावा काय? एका फॉर्मवरची एक ओळ? आता अंगाशी आल्यावर कुणीही काहीही सांगेल. बुधवारची घटना ते अपवाद म्हणतात. सव्वीस तारखेला पुरावा आणा, नाहीतर प्रयोग कायम.

डेपोतल्या लोकांना मी निरोप पाठवला. ते म्हणाले, "मास्तर बोलला तर आम्ही बोलू. त्याच्या पाठीमागे त्याचं नाव नाही घेणार." अकरा वर्षं त्यांनी तुला झाकून ठेवलंय आणि अजूनही ठेवतायत.

मी तुला ये असं म्हणू शकत नाही. मी माझं चुकलं हे सांगणारच आहे, पण माझ्या सांगण्याने लेन बंद होईल असं वाटत नाही.

भिंगरी

२२ सप्टेंबर

भिंगरे,

येतो.

मामीला सांगितलं. आधी तिला सांगायला हवं होतं, चारचौघांत तिने माझ्याबरोबर पहिल्यांदा ऐकावं हे बरोबर नव्हतं. दोन दिवस ती जेवायला वाढत होती, पण समोर बसत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने पाटीवर लिहून विचारलं, कारण मला ऐकू यावं म्हणून ओरडायची तिची इच्छा नव्हती. तिने लिहिलं, "त्या बाईच्या घरी कोण कोण होतं?"

मी म्हणालो, माहीत नाही.

तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी तुला लिहू शकत नाही. अकरा वर्षं मी त्या बाईला रोज आठवलं, असं मला वाटत होतं. तिला नाही, मी फक्त स्वतःला आठवत होतो. तिच्या घरी कोण आहे हे विचारायला मला शाळेपर्यंत चालत जाता आलं असतं. वीस मिनिटांचा रस्ता आहे.

नवा शर्ट नाही. आहे तो घालीन.

मामा

२८ सप्टेंबर

मामा,

परवा गाडीची वेळ झाल्यामुळे नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

तुला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, हे माझ्या लक्षातच नव्हतं. तू एवढ्या मोठ्याने बोललास की बाहेरचे शिपाईसुद्धा दारात येऊन उभे राहिले. "मी रांग सोडली आणि एक बाई गेली" हे वाक्य असं ओरडून सांगितलेलं मी जन्मात विसरणार नाही. तू बोलत असताना मी मान खाली घालून बसले होते. तुझी लाज वाटून नाही. माझ्या पाठीमागच्या पडद्यावर माझ्या आलेखाचं चित्र अजून तसंच होतं, रंगीत, आणि ते बंद करायचं मला सुचेना.

डेपोचे लोक एकेक करून उभे राहिले, ते तू बघितलंस. पण त्या दोघांपैकी एकजण, बंपर टेकवणाऱ्यांपैकी, काय म्हणाला ते तुला ऐकू आलं नसेल. तो म्हणाला, "मास्तर एकटाच का सांगतोय? त्याला आत घेतलं नाही ते आम्ही."

आज सकाळी पाटी उतरवली. नव्या पट्ट्यांचं काम सुरू आहे, त्या लेनमध्ये आता अँब्युलन्सखेरीज कुणी जायचं नाही, तसं लिहिणार आहेत. माझं एक वर्ष वाढलंय. प्रबंध पहिल्यापासून. बाई रागावल्या नाहीत, त्याचाच मला त्रास होतो.

आता तरी थोडं हलकं वाटतं का रे?

भिंगरी

१४ ऑक्टोबर

भिंगरे,

हलकं वाटतं का, विचारलंस. सभेनंतर दोन दिवस वाटलं होतं. लोक रस्त्यात थांबून हात हातात घेत होते. मला वाटलं, संपलं. पण मामीने पाटी पुसली नव्हती. ती तशीच भिंतीला टेकून होती.

म्हणून शाळेत गेलो. कारकुनाने जुनी नोंद काढून पत्ता दिला. नदीपलीकडे, शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या. दार तिच्या नवऱ्याने उघडलं. माझ्याच वयाचा आहे, घड्याळं दुरुस्त करतो. टेबलावर कापड, त्यावर बारीक बारीक चाकं मांडलेली. मला ऐकू येत नसल्याचं मी त्याला आधीच सांगितलं, म्हणजे त्याला काय हवं ते बोलता यावं.

मी सगळं सांगितलं. तारीख, वेळ, बस, चौदा मिनिटं. माझं झाल्यावर तो मला मारेल, हाकलेल, रडेल, असं काय काय मनाशी धरून गेलो होतो. त्याने वहीत लिहून विचारलं, "किती मिनिटं म्हणालात?"

मी म्हणालो, चौदा.

त्याने परत लिहिलं, "नक्की?"

मी म्हणालो, मी घड्याळ बघत होतो.

मग तो बराच वेळ लिहीत बसला. त्या सकाळी तिला झटका आला तेव्हा त्याने लगेच फोन केला नव्हता. नेहमीच्या औषधाने उतरेल म्हणून पंधरा मिनिटं वाट बघितली. अँब्युलन्समध्ये तिच्यासोबत शेजारीण गेली. तो कागदपत्रं घेऊन मोटरसायकलवर लांबच्या रस्त्याने गेला, आणि पोहोचला तेव्हा ती गेली होती. डॉक्टर म्हणाले, पंधरा मिनिटं आधी आणलं असतं तर. शेजारीण कोंडीबद्दल काहीतरी म्हणाली होती, पण त्याचं लक्ष नव्हतं. त्याला वाटलं, डॉक्टर म्हणतायत ती पंधरा मिनिटं म्हणजे आपण वाट बघितली ती. त्याच्या मुलीलाही तसंच वाटलं. "बाबा, तुम्ही वेळ घालवलात," असं ती म्हणाली. मुलगी परगावी असते. अकरा वर्षांत चार वेळा आली.

मी वाचलं आणि माझे हात टेबलाखाली घेतले. मी तोंड मिटून बसलो होतो ते मला वाटायचं माझ्यापुरतं आहे. माझं मी भोगतो, कुणाचं काय जातं? आणि इथे हा माणूस ते माझ्या वाटणीचं भोगत बसला होता.

मी त्याला म्हणालो, मला माफ करा असं म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही.

त्याने मान हलवली, हो की नाही ते मला कळलं नाही. मग त्याने घड्याळाची चाकं कापडासकट बाजूला सरकवली, कोरा कागद समोर ठेवला, पेन उघडून माझ्या हातात दिलं, आणि माझ्या कानाजवळ येऊन एवढ्या मोठ्याने बोलला की मला स्वच्छ ऐकू आलं.

"हे सगळं माझ्या मुलीला लिहून द्या."

मामा